प्रक्रिया उद्योगाच्या आधी माल टिकवायला शिका: काटोलच्या एका शेतकऱ्याला उत्तर

काटोल तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "माझ्याकडे आठ एकर आहे. साडेतीन एकरांत संत्रा, बाकीच्या वावरात सोयाबीन, तूर आणि हरभरा. आई आणि बायको गावातल्या बचत गटात आहेत. जो भेटतो तो म्हणतो, कर्ज काढ आणि प्रक्रिया उद्योग टाक. माल टिकवण्यात शेतकऱ्याचा खरंच फायदा आहे, की फक्त यंत्रं विकणाऱ्यांचा? आणि असेल तर सुरुवात कुठून करू?"

भाऊ, फायदा आहे, आणि तुम्हाला वाटतो त्याहून मोठा आहे. पण तो यंत्रापासून सुरू होत नाही. मी अन्नतंत्रज्ञान शिकले आणि पुढे नागपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसोबत आणि बचत गटांसोबत हेच काम करत आले. तुमच्यासारख्या घराला मी नेहमी एकच क्रम सांगते. आधी कोरडं धान्य नीट ठेवा. मग ताजा संत्रा चार दिवस जास्त कसा टिकेल ते बघा. त्यानंतर वाळवणाचे पदार्थ, आणि बाटलीत भरायचं काम सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. रसाचं यंत्र आधी घेतात आणि घरातली तूर त्याच वर्षी भुंगा खाऊन जातो.

या क्रमामागचं कारण समजून घ्या. माल टिकला की पैसे वाढतात हे खरं, पण त्याआधी शेतकऱ्याच्या हातात एक वेगळी गोष्ट येते: विकायचा दिवस ठरवायची मोकळीक. दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळ्या जिल्ह्याचं सोयाबीन एकाच वेळी कळमन्याला, नागपूरच्या बाजार समितीत, जातं. ते ओलं असतं, घरात ठेवलं तर तापेल याची धास्ती असते, आणि दिवाळीचा खर्च तोंडावर असतो. अडत्यासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला "आज नाही देत" म्हणता येत नाही. ज्याचं सोयाबीन वाळलेलं आहे आणि ज्याच्याकडे कोरडी जागा आहे, त्याला ते म्हणता येतं. भाव पुढे वाढेलच असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण पडेल भावात विकण्याची सक्ती तरी जाते.

नुकसान किती होतं याचा अंदाज देते. लुधियानाच्या सीफेट या केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये देशभरातल्या कापणीनंतरच्या नासाडीचा अहवाल दिला. त्यात कडधान्यांची नासाडी साडेसहा ते साडेआठ टक्क्यांच्या आसपास आणि फळांची पिकानुसार पावणेसात ते सोळा टक्क्यांपर्यंत निघाली होती. सगळ्या शेतमालाची मिळून वर्षाची किंमत ९२,६५१ कोटी रुपये धरली होती. तुमच्या घरात आलेल्या दहा क्विंटल तुरीपैकी साठ-सत्तर किलो तूर कुणाच्याही पोटात न जाता संपते, असा त्याचा घरगुती अर्थ. बी, खत, फवारणी आणि मजुरी तर सगळ्या दहा क्विंटलांवर झालेली असते.

आता सोयाबीनपासून सुरू करू. तिथे एक हिशेब आहे जो मी प्रत्येक बैठकीत फळ्यावर मांडते.

तुमच्या एक क्विंटल सोयाबीनमध्ये १८ टक्के ओलावा आहे असं धरा. म्हणजे ८२ किलो कोरडा भाग आणि १८ किलो पाणी. तेच सोयाबीन १२ टक्क्यांवर आणलं तर वजन भरतं ९३ किलोंच्या आसपास. सात किलो उडून गेले. म्हणून ओल्याला क्विंटलमागे ४,००० रुपये मिळत असतील, तर वाळवलेल्याला साधारण ४,३०० मिळाले तरच दोन्ही सौदे सारखे. त्याच्या वर मिळालं तर वाळवण्याचा फायदा, खाली मिळालं तर वाळवण्याची मजुरी अंगावर. हा हिशेब न करता "वाळवून विका" असं कोणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे. आणि "ओलंच देऊन टाक, वजन भरतं" असं सांगणाराही अर्धवटच सांगतो, कारण काट्यावर ओलाव्याची कपात लागते आणि ती कपात बहुतेक वेळा सात टक्क्यांवर थांबत नाही. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनसाठी १२ टक्क्यांची अट ठरलेली आहे. काही हंगामांत सरकारने ती शिथिल केली, पण त्या भरवशावर राहू नका.

ओलावा मोजायचा कसा? ओलावा मोजायचं हातातलं यंत्र गटाने मिळून घेतलं तर कुणावरच भार पडत नाही. माझ्या मते शेतकरी गटाने पहिल्यांदा विकत घ्यायची वस्तू हीच, ड्रायर आणि पल्परच्या (फळांचा गर काढायच्या यंत्राच्या) कितीतरी आधी. यंत्र नसेल तोवर मिठाची परीक्षा करा. कोरडी काचेची बरणी घ्या, तिच्यात उन्हात कडक वाळवलेलं बारीक मीठ आणि एक तृतीयांश भरेल इतकं धान्य टाका. झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं अधूनमधून हलवा आणि मग थोडा वेळ स्थिर ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, ते धान्य पोत्यात भरू नका. नाही चिकटलं तर १५ च्या खाली आहे, एवढंच कळतं. १२ वर आलं की नाही हे मीठ सांगत नाही, तिथे यंत्रच लागतं.

बियाण्यासाठी ठेवायच्या सोयाबीनची काळजी वेगळी घ्या. त्याचं टरफल पातळ असतं. हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात, जोरात फिरलं किंवा पोतं उंचावरून आदळलं तरी उगवणशक्ती जाते. सिमेंटच्या खळ्यावर दुपारच्या कडक उन्हात पसरू नका, सकाळी आणि दुपार उतरल्यावर वाळवा. थप्पी उंच लावू नका, खालच्या पोत्यावर भार येतो. ओलावा एका टक्क्याने उतरला की बियाण्याचं साठवणीतलं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, असा बीजशास्त्रातला जुना ठोकताळा आहे, आणि व्यवहारात तो खरा उतरतो. मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. सत्तर किंवा जास्त उगवले तर तुमचं घरचं बियाणं चाललं. पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या पिशव्यांचे भाव बघितले की या एका गोणपाटाची किंमत कळते.

तूर आणि हरभऱ्याचा शत्रू म्हणजे कडधान्याचा भुंगा. पुष्कळ लोकांना वाटतं की तो कोठीत शिरतो. तो बऱ्याचदा शेतातूनच येतो, मादी वाळत आलेल्या शेंगांवर अंडी घालते. म्हणून घरी आलेली तूर वरून स्वच्छ दिसली तरी आत पाहुणा असू शकतो, आणि दोन महिन्यांनी दाण्याला गोल भोक दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्या आज्या तुरीला लाल माती लावायच्या, एरंडेल चोळायच्या, राखेत ठेवायच्या. यातली प्रत्येक गोष्ट बरोबर आहे आणि तिला कारण आहे. तेलाचा पातळ थर असला की अंडी दाण्याला नीट चिकटत नाहीत आणि चिकटली तरी त्यांना हवा मिळत नाही. किलोला पाच ते सात मिली खाद्यतेल पुरतं. माती आणि राख किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि तो सुकून मरतो. कडुनिंबाच्या पाल्यावर मात्र एकट्याने भिस्त ठेवू नका, किडे थोडे लांब राहतात पण आत असलेले मरत नाहीत.

नागपूरच्या उन्हाचा मला जितका भरवसा वाटतो तितका कुठल्या औषधाचा वाटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत, खाली काळं प्लास्टिक, त्यावर दोन बोटांचा तुरीचा थर, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि कडांना दगड. आतलं तापमान ६० अंशांच्या वर जातं. दुपारचे चार-पाच तास तसं राहिलं की अंडी, अळ्या आणि भुंगे सगळे खलास. थंड झाल्यावरच भरा, गरम धान्य पोत्यात भरलं तर आत दव धरतं. आणि बियाण्याची तूर अशी तापवू नका. विकायची नसेल, खायचीच असेल, तर उन्हाळ्यातच डाळ भरडून घ्या. अख्ख्या दाण्यापेक्षा डाळीला भुंगा फार कमी लागतो.

साठवायला हल्ली हवाबंद पिशव्या मिळतात, आत जाड प्लास्टिकचं अस्तर आणि बाहेर नेहमीचं पोतं. किडे आतली हवा वापरून टाकतात आणि मग स्वतःच गुदमरतात, औषध काही लागत नाही. पण त्यात ओलं धान्य भरलं तर बुरशी धरते. म्हणून पुन्हा तेच, आधी ओलावा मोजा. साधं पोतं वापरत असाल तर ते लाकडी फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून दीड-दोन फूट लांब ठेवा. पावसाळ्यात भिंत ओल धरते.

एका गोष्टीवर मी कडक बोलणार आहे. धान्यातले किडे मारायच्या सल्फासच्या गोळ्या घरात, झोपायच्या खोलीत, माजघरातल्या कोठीत ठेवू नका. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू माणसाला मारतो, आणि खोली बंद असली तर झोपलेल्या लेकरांना आधी मारतो. हे औषध परवानाधारक प्रशिक्षित माणसाने, राहत्या घरापासून लांबच्या गोदामात, ताडपत्रीखाली वापरायचं आहे. दुकानदार देतो म्हणून ते घरगुती होत नाही. वरचे सगळे उपाय असताना त्याची गरजच पडत नाही.

धान्य टिकायला लागलं की पैशाची अडचण पुढे येते. माल घरात आहे, पण रब्बीच्या पेरणीला आणि मुलांच्या फीला रोख लागते. इथे शेतमाल तारण योजना बघा. राज्य कृषी पणन मंडळाची ही योजना बाजार समित्यांमार्फत चालते. सोयाबीन, तूर, हरभरा अशा मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. माल गोदामात ठेवा, पैसे घ्या, भाव बरा आला की विका. तुमच्या जवळच्या समितीत ती चालू आहे का हे हंगामाच्या आधी जाऊन विचारा. सगळ्या समित्या ती सारख्या उत्साहाने राबवत नाहीत. वखार महामंडळाच्या गोदामाच्या पावतीवर बँकाही कर्ज देतात.

आता संत्रा. तो सोयाबीनसारखा थांबत नाही, पण चार दिवसांचे बारा दिवस करता येतात आणि त्या आठ दिवसांत पुष्कळ पैसा आहे.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा: संत्रा तोडल्यावर पिकत नाही. आंबा, केळी, पपई तोडल्यावर गोड होतात, संत्र्यात तोडतानाची जेवढी गोडी तेवढीच राहते. रंग तेवढा बदलू शकतो. म्हणून भाव चढा आहे म्हणून हिरवट आंबट माल तोडला तर पुढे कुठलीही साठवण त्याला वाचवत नाही. कार्बाईडला तर हातही लावू नका, ते बेकायदेशीर आहे आणि संत्र्यात त्याचा गोडीला उपयोगही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जखम. क्रेटमध्ये जी हिरवी-निळी भुरी दिसते ती बुरशी अखंड सालीतून सहसा आत शिरत नाही, तिला भोक लागतं. ओढून तोडताना देठाशी साल फाटते, मजुराचं नख लागतं, काडी टोचते, तोडलेला ढीग जमिनीवर ओततात. तेवढं तिला पुरतं, आणि एका फळावरून ती अख्ख्या पेटीत जाते. कात्रीने, देठाचं बटण फळाला राहील असं तोडा. दवात आणि पावसात तोडू नका, साल फुगलेली असते आणि दाबली की तेलाच्या पेशी फुटून डाग पडतात. दव उतरल्यावर सुरू करा, ऊन चढायच्या आत आटपा, क्रेट झाडाच्या सावलीत ठेवा. बगीचा झाडावरच ठोक देऊन टाकला तर यातलं काही तुमच्या हातात राहत नाही, व्यापाऱ्याची टोळी तिच्या पद्धतीने तोडते. निदान पाच-पन्नास झाडांचा माल स्वतः तोडून बघा म्हणजे फरक दिसेल.

मेणाचा पातळ लेप दिलेला नागपुरी संत्रा सहा-सात अंशांवर, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत दीड महिन्याच्या आसपास राहतो. त्याहून थंडीत ठेवला तर सालीवर तपकिरी खड्डे पडतात, म्हणून सगळ्या मालाच्या शीतगृहात बटाट्यांसोबत कोंबू नका. आपल्या अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. देशभरातले लोक तिथे शिकायला येतात आणि काटोल-नरखेडचे कित्येक शेतकरी कळमन्याला जातात पण तिथे जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. लेप, प्रतवारी, पॅकिंग यावर तिथे जाऊन बोला.

शीतगृह लांब असेल तर बगीच्यात शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो विकसित केला. नागपूरकराला तो समजावून सांगावा लागत नाही, कारण तो आपल्या वाळ्याच्या ताट्यांच्या कुलरसारखाच चालतो. विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची, वरून बांबूच्या चौकटीवर ओलं गोणपाट, आणि सगळ्यावर गवताचं छप्पर. अंदाजे साडेपाच फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच कक्षात क्विंटलभर माल मावतो. कोरड्या उन्हाळ्यात आत बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंश कमी राहतं. मार्च-एप्रिलमध्ये मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या संत्र्याची, शेवटची तोड, भाजीपाला, लिंबू, सगळं त्यात छान राहतं. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा त्याचा उपयोग नाही.

वाळवणाकडे येते. इथे मी तुमच्या आईला गुरू मानते. कुरडई, सरगुंडे, मुंगवड्या, कोहळ्याच्या वड्या हे मे महिन्यात करायचं असतं, पातळ घालायचं असतं आणि खुळखुळ वाजेस्तोवर डब्यात भरायचं नसतं, हे तिला कुठल्या प्रशिक्षणात कळलेलं नाही. पदार्थातलं मोकळं पाणी एका पातळीखाली गेलं की बुरशी आणि जिवाणू वाढू शकत नाहीत, एवढंच त्यामागचं शास्त्र. मीठ आणि साखरही तेच करतात, पाणी बांधून ठेवतात. लोणच्यात मीठ कमी करून "हेल्दी" म्हणून विकणारे गट मी पाहिले आहेत, आषाढात त्यांच्या बरण्या परत येतात.

घरच्या वाळवणापासून विक्रीच्या वाळवणापर्यंत जाताना बदलायचं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे धूळ आणि माशा, त्यासाठी जाळी किंवा सौर ड्रायर. दुसरं पॅकिंग. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की साध्या पातळ पिशवीतला कडक पापडही सादळतो. वाळवायला आठवडा घालवायचा आणि पिशवीत पन्नास पैसे वाचवायचे, हे करू नका. जाड, ओलावा न झिरपणारी पिशवी घ्या.

मिरचीबद्दल खास सांगते, कारण उमरेड-भिवापूरकडचे नातेवाईक तुम्हाला असतीलच. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तरीही ती कित्येक जागी उघड्या मातीवर वाळते. रात्री दव पडलं की खालची बाजू ओली होते, तिथे बुरशी धरते आणि त्या बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते शिजवल्याने, तळल्याने जात नाही. यकृताला घातक आहे, आणि निर्यातीचा माल परत येण्याचं एक मोठं कारण तेच. ताडपत्री किंवा सिमेंटच्या ओट्यावर पातळ पसरा आणि संध्याकाळी झाका. दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा उरला की मिरची हलवल्यावर आतलं बी वाजतं. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, देठ खुडताना मिरची तुटू नये म्हणून पाणी शिंपडतात, वजनही भरतं. ते पाणी पुढच्या गोदामात बुरशी होऊन निघतं. शेंगदाण्यालाही हाच नियम लावा, काळपट आणि सुरकुतलेले दाणे वेचून फेका, कुटून चटणीत घालू नका.

डिसेंबर-जानेवारीत मेथी आणि टोमॅटो मातीमोल होतात तेव्हा ते वाळवायचा मोह होतो. मेथी जरूर वाळवा, सावलीत किंवा ५० अंशांखाली, म्हणजे रंग आणि वास राहतो. टोमॅटोचा हिशेब आधी करा. साधारण पंधरा किलोंचा एक किलो होतो आणि हिवाळ्याच्या उन्हात तो वाळायच्या आधी आंबतो. ड्रायर असेल आणि घेणारा ठरलेला असेल तरच करा.

आणि आता बाटली, जिच्यासाठी सगळे तुम्हाला कर्ज काढायला सांगत आहेत. चुरी, म्हणजे बारीक संत्रा, मातीमोल जातो म्हणून त्याचा स्क्वॅश करावा, हे ऐकायला एकदम पटतं. पण कागदावर मांडून बघा. नियमाप्रमाणे स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के रस आणि ४० टक्के विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, लागतो. एक किलो रस, दीड किलो साखर, ३५ ग्रॅमच्या आसपास सायट्रिक आम्ल आणि जवळपास दीड लिटर पाणी, मिळून चार किलो स्क्वॅश. एक टन संत्र्याचा रस निघतो ४०० किलोंच्या आसपास. त्याचा स्क्वॅश होतो १,६०० किलो, म्हणजे ७०० मिलीच्या सुमारे १,९०० बाटल्या. एक टन चुरी संपवायला १,९०० गिऱ्हाइकं लागली, आणि ६०० किलो साखर विकत आणावी लागली. खर्चाच्या यादीत तुमचा संत्रा सगळ्यात स्वस्त वस्तू ठरतो. साखर, बाटली, लेबल, वाहतूक आणि दुकानदाराचं कमिशन त्याच्या कितीतरी पुढे असतात. नागपुरात नोगा या स्क्वॅश-जॅमच्या ब्रँडचं नाव घरोघरी माहीत आहे. ते नाव संत्रा उत्पादकांच्या संघातूनच आलं आणि आज तो ब्रँड राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आहे. ओळखीचं नाव, मोठी यंत्रणा आणि विक्रीचं जाळं असलेल्यांशी दुकानाच्या फळीवर तुम्ही भिडणार, हे समजून उतरा.

तरीही मी नको म्हणत नाही. गटाने लहान प्रमाणात, थेट ओळखीच्या गिऱ्हाइकाला विकलं तर यात पैसा आहे. फक्त नागपुरी संत्र्याची एक खोड सांभाळा, तो कडू होतो. पिळल्यावर रस गोड लागतो आणि काही तासांनी कडवट होतो. बिया आणि पांढरा गर यातला एक पदार्थ रसाच्या आंबटपणात हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, त्याची ही कडू चव. म्हणून सोलून, धागे आणि बिया काढून, हलक्या दाबाने रस काढा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेला रस कितीही साखर घातली तरी कडूच राहतो. पाक उकळून गाळून पूर्ण गार करा, मग रस मिसळा, म्हणजे संत्र्याचा वास उडत नाही. चार किलो स्क्वॅश टिकवायला दोन ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरतं. ते चमच्याने नाही, ग्रॅमच्या काट्यावर मोजून, थोड्या पाण्यात विरघळवून घाला. जांभूळ किंवा कोकमसारख्या रंगाच्या फळांना ते घालू नका, रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट वापरतात.

जीवाशी संबंध असलेला एक नियम गटातल्या प्रत्येकीला पाठ हवा. संत्रा, लिंबू, चिंच, कैरी, आवळा हे आंबट आहेत, त्यांचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या बराच खाली असतो. तिथे प्राणघातक बोट्युलिनम जिवाणू वाढत नाही. मटार, मका, मशरूम, तेलात बुडवलेला ताजा लसूण हे आंबट नाहीत. ते हवाबंद बरणीत भरून नुसते उकळले तर या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत, त्यांना मारायला दाबाखाली १२१ अंश लागतात. बिघडलेली बरणी दरवेळी वासावरून कळेलच असं नाही. गटाने हे पदार्थ बाटलीबंद करायचे नाहीत, वाळवायचे किंवा गोठवायचे. टोमॅटो सीमेवर आहे, त्यात सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचा रस घालाच.

विक्रीला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. छोट्या उलाढालीला ती ऑनलाईन, नाममात्र फीमध्ये होते, एजंटला हजारो रुपये द्यायची गरज नाही. यंत्रांसाठी २०२० मध्ये सुरू झालेली सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना आहे. तिच्यात ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरलेलं आहे आणि आपल्या जिल्ह्याचं पीक संत्राच निवडलेलं आहे. मुदत आणि निधी शिल्लक आहे का ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. ते कर्जाला जोडलेलं अनुदान आहे, उरलेलं कर्ज तुम्हालाच फेडायचं असतं. माल विकला गेला नाही तरी हप्ता येतोच.

म्हणून कर्जाच्या अर्जाआधी घरच्या पातेल्यात पन्नास किलो चुरीचा स्क्वॅश करा, साधारण शंभर बाटल्या होतील. ओळखीत फुकट वाटू नका. पूर्ण किमतीला विका आणि दुसऱ्यांदा मागायला किती जण येतात ते वहीत लिहा. त्यातल्या सहा बाटल्या विकू नका. तारीख घालून घरातल्या साध्या कपाटात ठेवा, फ्रिजमध्ये नाही, आणि त्यांना आपल्या मे महिन्यातून जाऊ द्या. दर महिन्याला एक उघडा. रंग काळवंडला का, कडवटपणा आला का, झाकण उघडताना फुस्स आवाज आला का, ते बघा. आवाज आला तर आंबवण सुरू झालं आहे. त्या खेपेच्या उरलेल्या बाटल्या परत मागवून ओतून द्या आणि मेटाबायसल्फाइट कोणी, कशावर मोजलं होतं ते शोधा. सहाही बाटल्या चांगल्या निघाल्या आणि वहीत दुसऱ्यांदा आलेल्यांची नावं भरली, तर पुढच्या आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या संत्र्याला, यंत्राचं कोटेशन मागवा. तोवर या दसऱ्याआधी ओलावा मोजायचं यंत्र आणून ठेवा, सोयाबीन दिवाळीआधीच खळ्यावर येईल.